पदराने पुसू नये

या सदरात आजवर मी कंदिलाच्या काचेविषयी लिहिले, शिवणयंत्राला तेल कोणते घालावे याविषयी लिहिले, पाट्याला टाकी कधी लावून घ्यावी याविषयीसुद्धा लिहिले. कॅमेऱ्याविषयी लिहीन असे मात्र मलाच कधी वाटले नव्हते. एक तर मी मराठी शिकवणारी बाई. दुसरे म्हणजे राहायला भोकरदनला. आमच्या गावाला केळणा नदी आहे, नदीकाठी खडकात कोरलेले जुने लेणे आहे, बाजार आहे, कापसाच्या गाड्या आहेत. समुद्र तेवढा नाही. त्यामुळे समुद्राची वाळू कॅमेऱ्यात शिरली तर काय करावे, हा प्रश्न भोकरदनला पडण्याचे वास्तविक काही कारणच नव्हते. पण प्रश्नांना गावाची वेस माहीत नसते. तो जानेवारीत पडला, तोही माझ्याच घरात.

कॅमेरा माझा स्वतःचा. वेतन आयोगाची थकबाकी हातात आली तेव्हा घरात बरीच खलबते झाली. कोणी म्हणाले सोफा घ्या, कोणी म्हणाले गच्चीवर पत्रे टाका. मी मुकाट्याने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. भिंग जागच्या जागी बसवलेले. बटण दाबले की कासवाच्या मानेसारखे पुढे येते, बंद केले की आत जाते. तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टिपाव्यात, गाताना त्यांचे चेहरे, हात आणि जात्याची घरघर हे सगळे एकत्र यावे, म्हणून तो घेतला होता. मागच्या दिवाळीनंतर आमच्या ह्यांच्या आत्याबाईंकडे जाऊन मी चाळीसेक मिनिटे ओव्या टिपल्या. आत्याबाई नव्वदीच्या घरातल्या. आधी नको नको म्हणाल्या. मग खुंट्याला हात लागला तशा गातच राहिल्या. त्या मार्गशीर्षात आत्याबाई गेल्या.

ते चित्रण कॅमेऱ्यातल्या कार्डावरच होते. संगणकावर उतरवून ठेवायचे रोज मनात येई आणि रोज पेपर तपासायचे असत.

जानेवारीत तिसऱ्या वर्षाच्या मराठीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही कोकणात सहल नेली. मालगुंडला केशवसुतांचे घर आणि स्मारक पाहायचे, मग गणपतीपुळे, दुसऱ्या दिवशी रत्नागिरी असा बेत. रात्रभर एस.टी.चा प्रवास, पहाटे आंबा घाट, आणि सकाळी मालगुंड. स्मारक मुलांनी शहाण्यासारखे पाहिले. पण त्यांचे कान बाहेरच्या आवाजाकडे होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. किनाऱ्यावर सोडल्याबरोबर जी धावली ती धावलीच. एक मुलगी पाण्याच्या कडेला येऊन एकदम थांबली आणि मला म्हणाली, "मॅडम, ह्याला पलीकडची बाजूच नाही." दहा वर्षे सौंदर्यशास्त्र शिकवून मला असे वाक्य सुचलेले नाही.

तिचे छायाचित्र घेतले, आणखी दहा-पंधरा घेतली. मग पाय भिजवावेत म्हणून कॅमेरा घडी केलेल्या शालीवर ठेवला. भिंग पुढे आलेले, तसेच. दोन मुले पकडापकडी खेळत आली, एकाच्या पायात शाल अडकली आणि कॅमेरा तोंडावर कोरड्या वाळूत गेला.

त्यानंतरच्या दोन मिनिटांत मी जे केले ते क्रमाने सांगते, कारण तेच माझ्या लेखाचे भांडवल आहे. प्रथम कॅमेरा उचलून जोरात फुंकले. मग पदराने भिंग खसाखसा पुसले. पदर जरीच्या काठाचा. मग बटण दाबले. कर्र्र असा आवाज आला आणि भिंग अर्धे आत, अर्धे बाहेर अडकले. मग पुन्हा बटण दाबले. मग पुन्हा. पाच वेळा तरी दाबले असेल. एक विद्यार्थी मदतीला धावला आणि वाळूने माखलेल्या बोटांनी कार्डाचे झाकण उघडू लागला, तेव्हा मात्र मी एवढ्या मोठ्याने ओरडले की तो दचकलाच. आत्याबाई आत होत्या, हे त्याला काय माहीत! त्या दिवशी माझ्या हातून घडलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट ती, आणि तीही केवळ भीतीपोटी.

मग कॅमेरा रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला, भिंग वर करून, आणि तसाच पुढचे दोन दिवस एस.टी.च्या धक्क्यांवर हलवत भोकरदनला आणला. धान्य पोत्यात भरताना हमाल पोते आपटतात ते कशासाठी? दाणे खाली बसावेत म्हणून. वाळूनेही तेच केले. कॅमेरा तोंड खाली करून ठेवला असता तर निदान काही कण बाहेर तरी पडले असते.

घरी आल्यावर वैद्य पुष्कळ निघाले. सासूबाईंनी कोलम तांदळाचा डबा पुढे केला. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात हे त्यांनीही ऐकले होते. आमचे हे म्हणाले, "पंक्चरच्या दुकानात हवेची नळी आहे, एक फुस्स केले की काम झाले." चिरंजीवांनी केस वाळवायचे यंत्र आणले. मी ह्या तिन्ही उपायांची नंतर चौकशी केली आहे. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, उलट त्याचा पिठूळ भुगा फटींत जातो. पंक्चरवाल्याच्या हवेला एवढा जोर असतो की बाहेरचे कण आत खोलवर जातात, शिवाय त्या हवेबरोबर टाकीतले पाणी आणि तेलाचे शिंतोडे येतात ते वेगळेच. गरम वाऱ्याने आतले वंगण आणि डिंक सैल होतो. सुदैवाने त्या दिवशी मी इतकी खचले होते की कोणाचेच ऐकले नाही, आणि दुसऱ्या दिवशी पेठेतल्या घड्याळवाल्या चाचांकडे गेले.

चाचांचे दुकान म्हणजे एक काचेची पेटी, एक स्टूल आणि एक दिवा. मनगटी घड्याळांची दुरुस्ती आता कमीच येते. हल्ली ते भिंतीवरच्या घड्याळांचे सेल बदलतात. मी कॅमेरा पुढे केला आणि सवयीने बटणाकडे बोट नेले.

"नका बाई, नका. बंदच राहू द्या. किती वेळा चालू केला?"

"पाच."

त्यांनी नुसतेच माझ्याकडे पाहिले. पाच वेळा पाठ न केलेल्या विद्यार्थ्याकडे मी असेच पाहते.

मग त्यांनी पांढरा कागद अंथरला, हात धुतले, पुसले, आणि पाच मिनिटे काहीच केले नाही. केवळ डोळ्याला भिंग लावून कॅमेरा चहूबाजूंनी पाहिला. नंतर बाहेरचा भाग मऊ ब्रशने झटकला. झाकणाच्या फटीवर आधी, कारण झाकण उघडताना तिथलीच वाळू आत पडायची. मग झाकण उघडून बॅटरी काढली, कार्ड काढले. कार्ड त्यांनी कागदाच्या पुडीत गुंडाळून माझ्या हातात दिले. ती पुडी मी घरी जाईपर्यंत मुठीतून सोडली नाही.

त्यानंतर कॅमेरा तोंड खाली करून धरला आणि रबरी फुग्याने खालून वर फुंकायला सुरुवात केली. घड्याळजींकडे असतो तो लिंबाएवढा फुगा, पुढे बारीक नळी असलेला. एक फुंक, मग बोटाने हलकी टिचकी, मग पुन्हा फुंक. कागदावर एकेक कण पडू लागला. तोंडाने फुंकले तर काय बिघडते, असे मी विचारले. "तोंडात पाणी असतं बाई. काचेवर थुंकी, फटीत चिखल." घड्याळ उघडून तोंडाने फुंकणाऱ्या कारागिराला ते कारागीर मानत नसावेत.

भिंगाची नळी आणि तिच्या भोवतीचे कडे यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. त्या फटीत चाचांनी पातळ कागदाची पट्टी सरकवली, गोल फिरवली, काढली, पुन्हा फुंकले. असे किती वेळा, मी मोजले नाही. शाळा सुटली, पोरे गेली, समोरच्या हॉटेलातून दोनदा चहा आला. मधेच ते म्हणाले, "या, बघा." मी त्यांचे भिंग डोळ्याला लावून कागदावरची वाळू पाहिली.

त्या एवढ्याशा चिमटीत केवढे प्रकार! काही कण खडीसाखरेसारखे स्वच्छ आणि कोनदार, काही गुलाबी-पांढरे, शिंपल्यांचे तुकडे असावेत तसे, आणि काही कुळकुळीत काळे. चाचांनी आपला स्क्रू-ड्रायव्हर जवळ नेला. त्याच्या टोकाला चुंबकाचा गुण दिलेला असतो. काळ्यांपैकी काही कण टुणकन उडून त्याला चिकटले. मला आदल्या दिवशीची रत्नागिरी आठवली. तिथे भगवती किल्ल्याच्या एका बाजूच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र म्हणतात आणि दुसऱ्या बाजूच्या, मांडवीकडच्या किनाऱ्याला काळा समुद्र; पाण्याच्या रंगामुळे नव्हे, वाळूच्या. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोखंडाची खनिजे वाळूत मिसळलेली आहेत. मॅग्नेटाइटला चुंबक ओढते. आणि कॅमेऱ्यातल्या छोट्या मोटारीत, मोबाइलच्या कर्ण्यात चुंबकच असतात. म्हणजे बाकीची वाळू चुकून आत शिरते, ही काळी मात्र आमंत्रण असल्यासारखी जाते.

पण खरी वैरीण ती खडीसाखर. ती गारगोटी, क्वार्ट्झ. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची एक दहा पायऱ्यांची फूटपट्टी आहे; तीत हिरा दहावा, गारगोटी सातवी आणि साधी काच साडेपाच-सहाच्या आसपास. अर्थ सरळ आहे: वाळू काचेला ओरखडते, काच वाळूला नाही. त्यात भिंगावर चकाकी मारू नये म्हणून एक लेप दिलेला असतो. भिंग तिरके धरले की जांभळी-हिरवी झाक दिसते ती त्याची. हा लेप मिलिमीटरचे काही हजार भाग करावेत आणि त्यांतला एखादा घ्यावा इतका पातळ. अशा लेपावर वाळूचे कण असताना कापड फिरवणे म्हणजे पॉलिश कागद फिरवणे. सुतार पॉलिश कागद वापरतो तोही वाळूचाच भाऊ. वाळूने काही बिघडवले नव्हते. ती नुसती बसली होती. फिरवला तो पदर मी.

चाचांनी शेवटी बॅटरी घातली, कॅमेरा खाली तोंड करून धरला आणि मला म्हणाले, "आता दाबा. एकदाच." मी दाबले. बारीकसा कर्र आवाज झाला आणि भिंग आत गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी पाहिले नाही असे दाखवले. मी म्हटले, आता उघडून आतूनही साफ करा. त्याला त्यांनी साफ नकार दिला. प्रकाशाच्या झोतासाठी, म्हणजे फ्लॅशसाठी, कॅमेऱ्यात वीज साठवून ठेवलेली असते आणि बॅटरी काढली तरी ती बराच वेळ आत राहते. पूर्वी एकदा त्यांनी कोणाचा तरी कॅमेरा उघडला होता आणि झटका असा बसला की चिमटा रस्त्यावर जाऊन पडला. "आपलं काम बाहेरचं. आतलं ज्याचं त्याने करावं." घरातल्या हौशी मंडळींनी हे वाक्य ध्यानात ठेवावे. स्क्रू दिसला की फिरवून पाहण्याचा जो एक पुरुषी स्वभाव असतो, तो इथे अंगाशी येतो.

त्या रात्री कार्ड संगणकात घातले. आत्याबाई होत्या. सगळ्या चाळीस मिनिटे होत्या, जात्याची घरघर, मध्येच कोंबडा, आणि माझाच मूर्ख प्रश्न, "आत्या, दमलात का?" मी तिथल्या तिथे त्याच्या तीन प्रती केल्या. एक संगणकावर, एक वेगळ्या तबकडीवर, एक पुण्याला नणंदेकडे पाठवली.

प्रतींच्या बाबतीत आमच्या मुलखाने एक मोठा धडा पाहिलेला आहे. भोकरदनहून अजिंठा काही फार लांब नाही. तिथल्या चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी १८४०च्या दशकात आला आणि वर्षानुवर्षे अजिंठ्यातच राहिला. त्याने काढलेल्या मोठमोठ्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या; १८६६च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळाल्या. नंतर मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२पासून पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही पुष्कळशा लंडनमध्येच १८८५ साली आगीत गेल्या. पण गिलने कॅमेराही हाती घेतला होता. अजिंठा-वेरूळची त्याची छायाचित्रे फर्ग्युसनच्या पुस्तकात १८६४ साली छापली गेली. पुस्तकाच्या प्रती अनेक असतात. ती छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. त्या काळी तर छायाचित्र म्हणजे काचेवर रसायनाचा ओला थर देऊन तो वाळण्याआधी सगळे उरकायचे, हीच रूढ पद्धत. आमच्या उन्हाळ्यातल्या धुळीत त्या ओल्या काचेवर काय काय येऊन बसत असेल, याची मला आता चांगली कल्पना आहे.

तर आत्याबाई वाचल्या. कॅमेऱ्याचे मात्र अजून संपले नव्हते. भिंगावर माझ्या जरीच्या काठाची एक कोयरीसारखी वाकडी रेघ कायमची उमटली आहे. सावलीतल्या चित्रात ती दिसत नाही. सूर्य समोर असला की धुरकट पट्टा येतो. तेवढे मी मनाला समजावले. माघ गेला, उन्हाळा गेला, कॅमेरा नीट चालला. आणि आषाढात, एका दमट सकाळी, बटण दाबले तर हूं की चूं नाही.

हे प्रकरण वाळूचे नव्हते, मिठाचे होते, आणि ते मला तोवर कोणीच सांगितले नव्हते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. किनाऱ्यावर लाटा फुटतात तेव्हा वाऱ्याबरोबर त्याचे अदृश्य तुषार अंगावर येत असतात. ओठांवर जीभ फिरवली की खारट लागते ते हेच. तुषार वाळतो, मीठ राहते. चाचांनी वाळू काढली, पण मीठ कुठे दिसते? आमच्याकडच्या कोरड्या हवेत ते बटणांच्या फटींत स्वस्थ पडून होते. मात्र हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटते हे कोणत्या गृहिणीला सांगायला हवे? समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, त्यांना तर याहून कमी ओल पुरते. तेच खारे पाणी बटणाखालच्या तांब्याच्या पट्ट्यांवर पोसत बसले. पुण्याच्या दुरुस्तीवाल्याने कॅमेरा उघडून दाखवला तेव्हा आत, न कल्हई केलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवावे, तसा हिरवट थर आलेला होता. पाच हजार रुपये आणि तीन आठवडे लागले. ज्या कामाला जानेवारीत एक ओले फडके पुरले असते, त्याला!

हे ओले फडके कसे वापरायचे ते नीट सांगते. आधी वाळू पूर्ण निघाली पाहिजे, फुग्याने आणि ब्रशने. तोवर कापड लावायचेच नाही. मग बॅटरी काढलेल्या स्थितीत, मऊ सुती कापड स्वच्छ पाण्यात बुडवून अगदी घट्ट पिळावे, थेंब पडता कामा नये, आणि कॅमेऱ्याचे अंग, बटणांच्या कडा, पट्ट्याच्या कड्या पुसाव्यात. कापड दोन-तीनदा धुऊन पुन्हा पुसावे, शेवटी कोरडे. पाणी मात्र आमच्या बोअरचे नको. ते वाळले की स्वतःचेच पांढरे डाग ठेवते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर दुकानात बाटलीत मिळते ते उत्तम. बाटलीवरचे नाव वाचून घ्या. त्याच दुकानात बॅटरीचे अॅसिडही विकतात. मीठ स्पिरिटमध्ये नीटसे विरघळत नाही, त्यासाठी पाणीच पाहिजे. भिंगासाठी वेगळे मऊ कापड ठेवावे, चष्म्याबरोबर मिळते तसे. त्यावर एक थेंब, भिंगावर कधीच नाही, आणि मधून कडेकडे गोल फिरवत यावे. ज्यांच्या कॅमेऱ्याचे भिंग सुटे होते, त्यांनी ते किनाऱ्यावर काढूच नये. आतल्या चित्र टिपणाऱ्या पडद्याला घरी बोटही लावू नये. तिथे फार तर फुग्याची फुंक.

कॅमेरा लाटेतच बुडाला तर यांतले काहीच लागू नाही. तत्काळ बॅटरी काढावी, चालू होतो का हे पाहण्याचा मोह टाळावा आणि मिळेल त्या गाडीने दुरुस्तीवाल्याकडे जावे. तोही काही वेळा हात टेकतो.

नंतर ठेवायचा कसा? चामड्याच्या पेटीत नको. दिसायला रुबाबदार, पण चामडे ओल धरते आणि भिंगावर बुरशीची जाळी चढते. कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांत हे फार होते. हवाबंद डबा घ्यावा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. नव्या पर्सेसमध्ये, बुटांच्या खोक्यांत ज्या पुड्या निघतात आणि आपण फेकतो, त्या ह्याच. पण त्या बहुधा आधीच ओल पिऊन तृप्त झालेल्या असतात. रंग बदलणारी जात मिळाली तर काम सोपे, रंग बदलला की कळते. मग ते दाणे मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात, मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात नव्हे.

प्रवासाला निघण्यापूर्वीची तयारी मी आता डिसेंबरातच करते. कार्ड रिकामे करून न्यायचे, ही पहिली गोष्ट. भिंगावर पेचाने बसणारी साधी काच मिळते. ओरखडा पडला तर तिच्यावर पडतो आणि ती बदलता येते. माझ्यासारख्या भिंग आत-बाहेर जाणाऱ्या कॅमेऱ्याला ती सहसा बसत नाही, म्हणून जाड पारदर्शक पिशवी घ्यायची, भिंगापुरते भोक पाडायचे आणि रबराने आवळायची. दिसते वेडगळ, आमचे हे तिला कॅमेऱ्याचा रेनकोट म्हणतात. कॅमेरा गळ्यात राहू द्यावा आणि पिशवी खांद्यावर. वाळूवर टेकवायची नाही, शालीवर तर नाहीच नाही. भिंगाचे झाकण खिशात टाकू नये. समुद्रावर खिशात वाळू असतेच, ती झाकणाला लागते आणि आपण झाकणासकट ती भिंगावर बसवतो. घरी आल्यावर कॅमेऱ्याबरोबर त्याची पिशवीही उलटी करून झटकावी. कित्येकांचा स्वच्छ केलेला कॅमेरा पुन्हा त्याच वाळूच्या घरात राहायला जातो.

मोबाइलवाल्यांनीही हसू नये. हल्लीच्या महागड्या यंत्रांवर आयपी ६८ असा आकडा असतो. त्यातला सहा धुळीसाठी आणि आठ पाण्यासाठी. पण ती पाण्याची परीक्षा गोड्या पाण्यात घेतलेली असते आणि नव्या यंत्राची. खाऱ्या पाण्याचे वचन त्यात नाही. चार्जिंगच्या भोकात वाळू गेली तर टाचणी घालू नये. भोक खाली करून टिचकी मारावी, मऊ ब्रश फिरवावा, आणि आत ओल असेतो चार्जर लावू नये.

चाचांनी त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. फारच आग्रह केला तेव्हा म्हणाले, "एक फुगा घेऊन जा, त्याचे द्या." तो रबरी फुगा आता माझ्या पर्समध्ये असतो. चार दिवसांनी मी मालगुंडची छायाचित्रे त्यांना दाखवायला घेऊन गेले. भोकरदनचा समुद्राशी संबंध तसा जुना आहे. हेच प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली इथे उत्खनन झाले तेव्हा हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती निघाली आणि तिच्यासारखीच एक त्याआधी १९३८ साली थेट इटलीतल्या पाँपेईच्या राखेत सापडली होती. इतिहासाच्या वर्गात हे सांगताना आम्ही मोठ्या ऐटीत सांगतो. चाचा आयुष्यात जालन्याच्या पुढे क्वचितच गेलेले.

त्यांनी सवयीने भिंग डोळ्याला लावले आणि छायाचित्र अगदी जवळ धरले. त्या मुलीचे होते, पलीकडची बाजू नाही म्हणणारीचे. बराच वेळ पाहून झाल्यावर त्यांनी तिच्या पायाशी, ओल्या वाळूवर बोट ठेवले.

"ही तीच का, बाई?"

"तीच."

"कागदावर कमी वाटली होती," ते म्हणाले, आणि खणातून ती पुडी काढली. त्यांनी ती वाळू ठेवून दिली होती.